नाव नसलेल्या तबकड्या

खरेदीला आलेल्या बाईंनी पिशवीतून पांढरे सुती मोजे काढून हातांत चढवले, आणि तबकडीकाकांना त्या पहिल्याच मिनिटाला आवडल्या. गेल्या दहा वर्षांत दुकानात येणारी माणसं रेकॉर्डला ताटलीसारखी धरायची, अंगठा थेट खाचांवर. या बाईंनी मात्र तबकडी कडेने उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी केली आणि तिच्यावर हलकेच फुंकर मारली. ज्याला फुंकर कशी मारायची ते कळतं त्याला रेकॉर्ड कळते, असं तबकडीकाकांचं मत होतं, आणि त्यांची मतं बदलत नसत.

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर उभ्या लावलेल्या रेकॉर्ड्स, मधे एक टेबल, टेबलावर दोन जुने प्लेअर. जुन्या डान्स म्युझिकच्या रेकॉर्ड्स विकणारं त्या भागात दुसरं दुकान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर याही दुकानाची कुणाला फारशी गरज उरली नव्हती. इमारत महिनाअखेर पाडायची होती. काका आणि काकू लेकीकडे राहायला जाणार होते. लेकीच्या घरात त्या दोघांसाठी खोली होती, तबकड्यांसाठी नव्हती. हे लेकीने रडत सांगितलं होतं, त्यामुळे काकांना रागावताही आलं नाही.

बाईंनी दोन तासांत सगळी फळी न् फळी पाहिली. बहुतेक सगळं त्या घ्यायला तयार होत्या. मग टेबलामागे गुडघ्याच्या उंचीवर असलेल्या खालच्या फळीकडे त्यांचं लक्ष गेलं. तिथे खाकी कागदाच्या पाकिटांत एकशे बेचाळीस तबकड्या होत्या. बाईंनी एक बाहेर काढली. मधोमध जिथे गाण्याचं आणि कंपनीचं नाव छापलेलं असतं तिथे पांढरा गोल कागद चिकटवलेला होता आणि त्यावर पेन्सिलीने मासा काढलेला होता. दुसरीवर कंदील होता. तिसरीवर शिडी.

काकांची छाती फुगली. ते म्हणाले की वरच्या फळ्यांवर आहे तो सगळा पालापाचोळा, खरा माल हा. या तबकड्यांनी माणसं नाचवली आहेत.

बाईंनी मासा वर धरला आणि विचारलं, "हे गाणं कोणतं?"

काकांनी तोंड उघडलं. गाणं त्यांच्या कानात पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत वाजत होतं. कुठे ट्रम्पेट घुसतं, कुठे गाणारी बाई हसते, सगळं. नाव मात्र आलं नाही. त्यांनी कंदील पाहिला, शिडी पाहिली. तिथेही तेच.

"नाव नसेल तर मला घेता येणार नाहीत, काका," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी ज्यांच्यासाठी घेते ते नाव, कंपनी, साल विचारतात. त्याशिवाय माझ्या लेखी ही नुसती काळी ताटली आहे."

त्या पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी टेम्पो घेऊन येणार होत्या. तोवर ज्यांची नावं सापडतील त्या त्या नेतील. उरलेल्या, इमारत रिकामी करायला येणारा भंगारवाला नेईल. बाईंनी मोजे काढले, चहा घेतला आणि त्या गेल्या. काका माशाकडे पाहत बसले.

आता इथे थोडं मागे जायला हवं. ही नावं कुणी चोरली नव्हती की उंदरांनी कुरतडली नव्हती. तबकडीकाकांनी ती स्वतःच्या हातांनी, पूर्ण शुद्धीत, मोठ्या अभिमानाने काढून टाकली होती.

तेव्हा ते काका नव्हते. पंचवीस-सव्वीस वर्षांचे, कानावर केस वाढवलेले, टायरच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरच्या डान्स हॉलमध्ये रेकॉर्ड लावणारे तरुण होते. हॉलला खालून रबराचा वास यायचा. आठवड्याला दोन संध्याकाळी तिथे दीड-दोनशे माणसं नाचायला यायची. दोन गल्ल्या सोडून दुसरा हॉल होता. तिथे रेकॉर्ड लावणाऱ्या गृहस्थांना सगळे कोटवाले म्हणत, कारण भर उन्हाळ्यातही त्यांच्या अंगावरचा कोट उतरत नसे. कोटवाले आणि आपले काका पूर्वी एकाच रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शेजारी शेजारी बसून तारांना कथलाचा डाग देत. एकाच डब्यातून जेवत. पण दोघांना दोन हॉल मिळाले आणि मैत्री संपली. एका गावात दोन नाचाचे हॉल असले की एकाची गर्दी ही दुसऱ्याची रिकामी खुर्ची असते, मग डबा कसला आणि मैत्री कसली.

गर्दी कुणाकडे जाणार हे ठरायचं रेकॉर्डवरून. जी रेकॉर्ड दुसऱ्याकडे नाही ती आपल्याकडे हवी. त्यासाठी काकांनी काय नाही केलं? बंद पडणाऱ्या हॉटेलांच्या माळ्यांवर चढले, बोटीवरच्या खलाशांशी ओळखी काढल्या, लग्न मोडलेल्या माणसांच्या घरी सांत्वनाला गेले आणि निघताना हळूच विचारलं की त्या रेकॉर्ड्सचं काय करणार आहात. पण रेकॉर्ड मिळवून भागत नव्हतं. कोटवाल्यांची माणसं तिकीट काढून हॉलमध्ये यायची, नाचायचं सोंग करत टेबलापाशी यायची आणि फिरत्या तबकडीवरचं नाव वाचून जायची. महिन्याभरात तेच गाणं पलीकडच्या हॉलात.

मग काकांनी उपाय काढला. तबकडीच्या मधल्या कागदाभोवती मेणाचं कडं करायचं, कडं भरेल इतकं कोमट पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि नखाने कागद सोलून काढायचा. वर गव्हाच्या पिठाची खळ लावून पांढरा कागद डकवायचा. ओळखायला खूण म्हणून एक चित्र. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. खाचा संपतात तिथे कंपनीने कोरलेला बारीक नंबर असतो, जाणकार त्यावरून नाव शोधतात. काकांनी तोही दाभणाने खरवडून टाकला. कोटवाल्यांचा एक माणूस दारू प्यायल्यासारखा टेबलावर रेलून पाहून गेला आणि परत जाऊन म्हणाला, आज त्यांनी मासा लावला होता. ही गोष्ट काका पुढे कित्येक वर्षं सांगत आणि दर वेळी आधी स्वतःच हसत.

काकू त्या वेळी हॉलच्या खाली, जिन्याच्या तोंडाशी तिकिटाच्या खिडकीत बसत. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं की निदान एका वहीत नावं लिहून का ठेवत नाही. काकांचं उत्तर तयार होतं. वही चोरीला जाते, डोकं जात नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल रिकामा व्हायला चाळीसच्या वर वर्षं लागली, एवढाच फरक.

बाई गेल्यावर काकांनी दोन दिवस डोकं पिंजून काढलं. एकशे बेचाळीसांतली पाच नावं आठवली आणि त्यांतल्या दोनांबद्दल खात्री नव्हती. लेक आवराआवरीला आली होती. तिने गाणी वाजवून फोनसमोर धरली. फोनला हल्ली सगळी गाणी ओळखता येतात असं ती म्हणाली. फोनने तीस गाणी ऐकली, चार ओळखली, त्यांतली दोन चुकीची. या तबकड्या चार-पाचशे प्रती काढून बुडालेल्या छोट्या कंपन्यांच्या होत्या, फोन बिचारा काय करणार. काकांना मात्र क्षणभर बरं वाटलं. आपलं लपवणं किती पक्कं होतं. मग लगेच आपल्याच पायावर आपण केवढा धोंडा पाडून घेतलाय ते आठवलं आणि त्यांनी जेवण अर्धं टाकलं.

काकूंचीही मदत झाली, पण वेगळ्या तऱ्हेची. बारा वर्षं त्या खिडकीत बसून वरचा नाच त्यांनी फक्त छतातून ऐकला होता. गाण्याचे शब्द, वाद्यं, यांतलं काही खाली पोचायचं नाही. पोचायचे ते फक्त पाय. काका टेबलावर शिडी लावायचे आणि काकू आतून कपड्यांच्या घड्या करता करता सांगायच्या, ही मधल्या सुट्टीनंतरची. कंदील लावला की म्हणायच्या, हिला माझ्या डोक्यावर चुना पडायचा, तिकिटं झटकून द्यावी लागायची. एकही चुकली नाही. पण नाव त्यांना कुठून माहीत असणार? नवऱ्याने त्यांनाही ताकास तूर लागू दिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी घड्या संपल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. तुमच्या रेकॉर्डींची नावं या जगात तुमच्याइतकी आणखी एकाच माणसाला हवी होती. त्याला जाऊन विचारा."

काका म्हणाले, मरेन पण जाणार नाही.

त्यांना अडवणारी लाज साधीसुधी नव्हती. कोटवाल्यांची माणसं फारच मागे लागली तेव्हा त्यांनी एकदा एक नाव स्वतःच्या मनाने रचलं. गायकाचं, गाण्याचं, कंपनीचं, सगळं बनावट. आणि ते एका हेराच्या कानावर पडेल अशा बेताने बोलले. कोटवाले ती अस्तित्वातच नसलेली रेकॉर्ड तीन महिने शोधत होते. अकरा दुकानदारांना त्यांनी पत्रं लिहिली. एका दुकानदाराने उलट लिहिलं की सापडली तर आम्हालाही एक पाठवा. ही पत्रं कुणीतरी काकांना दाखवली, काकांनी ती हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवली, आणि सगळा हॉल हसला. त्यानंतर दोघांचं बोलणं कायमचं तुटलं. पुढे घरोघर टीव्ही आले, टेप आले, दोन्ही हॉल एकाच वर्षी बंद झाले. काकांनी रेकॉर्डचं दुकान टाकलं. कोटवाले बहिणीच्या घरी राहून पंखे दुरुस्त करू लागले. दोन्ही घरांत वीस मिनिटांची चाल. तेवढी चालायला तीस वर्षांत कुणी निघालं नाही.

दिवस भराभर सरत होते. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी काकांनी सुटकेसमध्ये बसणारा छोटा प्लेअर घेतला, दहा तबकड्या घेतल्या आणि नाक मुठीत धरून ते निघाले.

कोटवाल्यांच्या बहिणीने दार उघडलं. त्या शिवणकाम करत. गळ्यात टेप होती आणि ओठांत दोन टाचण्या. त्यांनी काकांना ओळखलं, पण टाचण्यांमुळे काही बोलल्या नाहीत, नुसती मान आतल्या खोलीकडे केली. आत कोटवाले उघडलेल्या पंख्यासमोर स्टुलावर बसले होते. घरात, दुपारी, कोट घालून. केस पूर्ण गेले होते. त्यांनी वर पाहिलं, स्क्रू तोंडात धरला होता तो काढून वाटीत ठेवला.

काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. इमारत, लेक, मोजेवाल्या बाई, भंगारवाला. कोटवाल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अडला हरी..."

आणि ते थांबले, पुढचं काकांनी म्हणावं म्हणून. काकांनी ओठ घट्ट मिटले. बाहेरच्या खोलीतून मशीन थांबवून बहीण म्हणाली, "गाढवाचे पाय धरी. पण दादा, म्हणजे गाढव तू झालास."

कोटवाले आधी चिडले. मग त्यांच्या खांद्यांचं काहीतरी झालं, आणि ते हसताहेत हे काकांच्या उशिराने लक्षात आलं. हसणं संपल्यावर ते म्हणाले की आधी त्या बनावट नावाचं बोलू.

"चुकलं माझं," काका म्हणाले.

"तीन महिने."

"हो. आणि पत्रं वाचली ते जास्त चुकलं."

कोटवाल्यांनी दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. काका बसले, प्लेअर उघडला आणि त्यांनी मासा लावला. ट्रम्पेट सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या ढोलावर, कोटवाल्यांनी गाण्याचं नाव सांगितलं. मग गाणारीचं. मग कंपनीचं, आणि साल. काका पेन्सिल शोधत राहिले आणि सगळं पुन्हा विचारावं लागलं.

त्या दिवशी दहाची दहा झाली. मग रोज दुपार. पुढच्या शुक्रवारच्या आत सगळ्या उरकायच्या होत्या, म्हणून दिवसाला पंचवीस-तीस तबकड्या पिशवीत घालून काका जाऊ लागले. कोटवाले डोळे मिटून ऐकायचे. त्यांचा उजवा कान गेला होता, काकांना बारीक सूर ऐकू येत नव्हते, त्यामुळे एकाला बासरी सुटायची, दुसऱ्याला अर्धी बाजू. दोघांचं मिळून एक गाणं पूर्ण व्हायचं. चिठ्ठीवर नाव लिहून झालं तरी काका सुई उचलत नसत. आणि मग बोलणं निघायचं.

हातमोज्यांच्या कारखान्यातल्या बायका आठवल्या का, ज्या पुरुषांना हातही लावू देत नसत आणि आपसांतच रांगेने नाचत? आठवल्या. त्या एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा तुझ्याकडे यायच्या. आणि तो ट्रक ड्रायव्हर, डोळे मिटून नाचायचा, दर वेळी खांबावर आपटायचा, आणि खांबाची माफी मागायचा? तो माझ्याकडे कधी आला नाही, माझ्याकडे खांबच नव्हता. कोटवाल्यांचा हॉल बेकरीच्या वर होता. खालून पावाचा वास आला की नाचणाऱ्यांना भूक लागायची आणि ते जिना उतरून जायचे, ही त्यांची जन्माची तक्रार. टायरच्या वासाने माणूस कुठे जात नाही, तू नशीबवान, असं ते म्हणाले. काकांना तो वास आठवला. पायांखालच्या लाकडी फरशीचा कंप आठवला, भिंतीला टेकून घाम पुसणारी माणसं आठवली, आणि दोन गाण्यांच्या मधली ती एवढीशी शांतता, जिच्यात दीडशे माणसं काकांच्या हाताकडे बघत असत. ते दिवस गेले याचं त्यांना इतकी वर्षं दुकानात बसून कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. सांगायला समोर बरोबरीचा माणूस नव्हता, म्हणून असेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी काकांच्या मनात जे खुपत होतं ते त्यांनी विचारलंच. ही सगळी नावं तुला कशी ठाऊक? कोटवाले म्हणाले की कशी म्हणजे काय, शोधून. माणसं हॉलमधून गुणगुणत यायची, ती ऐकायची, मग दुकानं पालथी घालायची. उशीर व्हायचा, पण सापडायची. काकांच्या एकशे बेचाळीसांपैकी बहुतेक सगळ्या कधी ना कधी बेकरीच्या वर वाजल्या होत्या.

म्हणजे मेण, कोमट पाणी, दाभण, सगळं फुकट गेलं. काकांचा चेहरा इतका पडला की कोटवाल्यांना राहवलं नाही.

"फुकट कसं? तू लपवलीस म्हणून मी शोधली," ते म्हणाले. "नाहीतर माझं अख्खं तारुण्य पावाच्या वासात गेलं असतं."

गुरुवारी दुपारी एकशे एकेचाळीस चिठ्ठ्या तयार झाल्या. उद्या बाई येणार होत्या. राहिली होती एकच तबकडी. तिच्यावर छत्रीचं चित्र होतं.

छत्री म्हणजे हॉलमधलं शेवटचं गाणं. ते लागलं की संध्याकाळ संपली, माणसांनी आपापल्या छत्र्या-पिशव्या शोधायच्या, म्हणून ते चित्र. पण शोधायचं कुणी नाही. संथ गाणं होतं, गाणारा माणूस जणू खुर्चीवर बसून शेजारच्याला काही सांगतोय असा आवाज. ज्यांनी सबंध संध्याकाळ पाऊल टाकलेलं नसायचं तेसुद्धा त्याला उठायचे. एकशे बेचाळीसांत सगळ्यांत जास्त विचारणा झाली ती या गाण्याची. लोकांनी विनवण्या केल्या, एकाने घड्याळ देऊ केलं. काका फक्त हसायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे.

आणि खरी गोष्ट अशी होती की ते नाव त्यांनाही कधी माहीत नव्हतं. बोटीवरच्या एका आचाऱ्याकडून ती रेकॉर्ड घेतली तेव्हाच तिच्या मधला कागद सोललेला होता, नंबर खरवडलेला होता. कुठल्यातरी दूरच्या हॉलात आपल्यासारखाच कुणी महाभाग बसला होता. काकांनी उघड्या जागेवर आपला पांढरा कागद डकवला आणि गुपित असल्याचं नाटक केलं, चाळीस-बेचाळीस वर्षं. काकूंनाही सांगितलं नाही. म्हणून ते रोज छत्री घरी ठेवून जात होते. आज शेवटची खेप होती, म्हणून तीही पिशवीत आली होती.

कोटवाल्यांनी पाकिटातून तबकडी निघताना पाहिली आणि हात वर करून थांबवलं.

"ही नको लावू," ते म्हणाले. "एकशे एकेचाळीस नावं मी सांगितली. हिचं तू सांग."

काकांच्या जिभेवर चटकन तीन-चार नावं आली. कुठलंही फेकलं असतं तर खपलं असतं. रचण्यात त्यांचा हात कधी कुणी धरला नव्हता. बाईंनाही तेच सांगता आलं असतं, आणि छत्री भंगारातून सुटली असती. बाहेर मशीन चालत होतं. काका तबकडीच्या कडेवर बोट फिरवत बसले. मशीन थांबलं, पुन्हा चालू झालं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. कोरीच मिळाली होती मला. लोकांना वाटत होतं मी लपवतोय, मी वाटू दिलं."

हे बोलल्यावर आता पुन्हा ती पत्रं वाचल्यासारखं हसं होईल, यावेळी आपलं, याची त्यांनी तयारी केली होती. कोटवाले हसले नाहीत. ते उठले, कपाटापाशी गेले आणि कपड्यांच्या खालून एक पाकीट काढून त्यांनी काकांच्या मांडीवर ठेवलं. आत तबकडी होती. मधे तिचा स्वतःचा निळा कागद होता, शाबूत, आणि त्यावर छापलेलं नाव. काकांनी ती प्लेअरवर ठेवली, चार ओळी वाजवल्या आणि सुई उचलली. छत्रीच होती.

"केव्हा मिळाली?" काकांनी विचारलं.

कोटवाल्यांनी सांगितलं की सात वर्षं शोधली. एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान विकायला काढलं होतं, त्यात सापडली. दोन्ही हॉल तेव्हा जोरात चालू होते.

"मग लावली का नाहीस? माझी अर्धी माणसं तुझ्याकडे आली असती."

कोटवाल्यांनी कोटाचं एक बटण लावलं, पुन्हा काढलं. मग ते हळूहळू बोलले. त्यांचा हॉल अर्धा तास आधी बंद व्हायचा, बेकरीवाल्यांना भट्टी पेटवायची असायची. दिवे मालवले की ते दोन गल्ल्या चालून यायचे आणि टायरच्या गोदामाच्या जिन्यात उभे राहायचे. फक्त या गाण्यासाठी. पहिल्यांदा नाव शोधायला आले होते. मग येतच राहिले. तिकिटाच्या खिडकीतून वहिनी आपलं स्टूल बाहेर सरकवायच्या आणि मान दुसरीकडे करायच्या, नवऱ्याला एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत.

"सापडली त्या दिवशी घरी नेऊन लावली," ते म्हणाले. "चार वेळा लावली. गाणं तेच होतं. पण वर कुणी नाचत नव्हतं, आणि तू लावलेली नव्हती. मी माझ्या हॉलात लावली असती तर मग तुझ्या जिन्यात यायला मला कारण काय उरलं असतं?"

एका डब्यात जेवलेला मित्र आठवड्यातून दोनदा आपल्या पायांखाली येऊन उभा राहत होता, आणि आपण वर टेबलापाशी त्याच्यापासून नावं लपवत होतो. काकांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. कोटवाल्यांनी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. काकांना अक्षरं दिसत नव्हती, म्हणून कोटवाल्यांनी निळ्या कागदावरचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं आणि काकांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. नाव साधंच होतं, तीन शब्दांचं.

मग काका म्हणाले की ही एक तबकडी बाईंना द्यायला मन होत नाही. कोटवाले म्हणाले, खुशाल दे, माझ्याकडे आहे ना, ऐकावीशी वाटली की लेकीच्या घरून बस पकड आणि ये.

काका सुटकेस बंद करायला लागले. कोटवाल्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"एकदा लाव," ते म्हणाले. "माझी नको. तुझी लाव. आणि दार उघडं राहू दे."

एवढं बोलून ते उठले, बहिणीच्या मशीनजवळून वाट काढत घराबाहेर गेले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, कठड्याला धरून, खोलीकडे पाठ करून उभे राहिले. डावा कान दाराच्या बाजूला होता. बहिणीने मशीनवरून हात काढून घेतले. तबकडीकाकांनी छत्री प्लेअरवर ठेवली, तिच्यावर हलकेच फुंकर मारली आणि सुई खाली टेकवली.